नाओकी हिगाशिदा यांना कसं वाचावं?

सांजवारा (धागाकर्ती)

घरात ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं की थोड्याच दिवसांत कुणीतरी एक पुस्तक हातात ठेवतं, 'द रीझन आय जंप'. कधी मावशी, कधी शेजारीण, कधी पालकांच्या व्हॉट्सॅप गटातली एखादी अनुभवी आई. सोबत एक वाक्यही येतं: "हे वाच, म्हणजे तुझ्या मुलाच्या मनात काय चाललंय ते कळेल." पुस्तक मला फार आवडतं. हे वाक्य मात्र मला पटत नाही, आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

आधी लेखकाबद्दल. नाओकी हिगाशिदा यांचा जन्म ऑगस्ट १९९२ मध्ये, जपानच्या चिबा प्रांतात किमित्सू इथे झाला. १९९८ मध्ये ऑटिझमचं निदान झालं. प्राथमिक शाळेची बरीच वर्षं ते नेहमीच्या शाळेत होते, मग विशेष शाळेत गेले आणि पुढचं माध्यमिक शिक्षण त्यांनी घरी राहून, दूरशिक्षणाने केलं. लहानपणी लिहिलेल्या परीकथांना तिथलं बक्षीसही मिळालं होतं. तेराव्या वर्षी लिहिलेलं हे पुस्तक २००७ मध्ये एका छोट्या प्रकाशनाने काढलं, आणि काही वर्षं ते जपानपुरतंच राहिलं.

ते बोलतात, पण आपण गप्पा मारतो तसं नाही. तोंडून शब्द निघतात, पण हवे तेव्हा हवे ते निघतीलच असं नाही. संवादासाठी ते पुठ्ठ्यावरची अक्षरपाटी वापरतात. तिच्यावर रोमन अक्षरं संगणकाच्या कळफलकाच्या क्रमाने मांडलेली आहेत. बोट एकेका अक्षरावर जातं आणि त्यांतून तयार होणारा जपानी उच्चार ते स्वतः मोठ्याने म्हणतात. समोरचा लिहून घेतो. मध्येच उठून खिडकीशी जातात, बाहेर बघतात, परत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण करतात. संपलं की 'ओवारी' म्हणतात, म्हणजे 'संपलं'. संगणकावरही ते टंकतात.

पुस्तकात ५८ प्रश्नोत्तरं आहेत, अधूनमधून छोट्या कथा आहेत आणि शेवटी एक मोठी कथा. प्रश्न सगळे आपल्या मनातले: तेच तेच का विचारतोस, डोळ्यांत का बघत नाहीस, वस्तू रांगेत का लावतोस, उड्या का मारतोस. उड्यांबद्दल ते लिहितात, की एखादी भावना तीव्र झाली की अंगावर वीज पडल्यासारखं शरीर आखडतं. उडी मारली की ते बांधलेपण सुटतं, आपले हातपाय आपल्याला नीट जाणवतात, आणि वर जाता जाता पक्षी होऊन दूर कुठेतरी उडून जावंसं वाटतं. डोळ्यांत न बघण्याबद्दलचं उत्तर तर मला पाठ झालंय. ऐकताना आपण आवाजाकडे बघत असतो, असं ते म्हणतात. सगळी ज्ञानेंद्रियं बोलणं पकडायला लावली की डोळ्यांसाठी काही उरत नाही. एखादी वस्तू बघताना आधी तपशील अंगावर येतो आणि मग हळूहळू अख्खी वस्तू दिसते, असंही एका उत्तरात आहे. आठवणींना काळाची सरळ रेघ नसते, सुटे ठिपके असतात, हेही.

शेवटच्या कथेतला मुलगा अपघातात गेलेला आहे. तो आईवडिलांना बघू शकतो, पण त्यांच्याशी बोलू शकत नाही. आपलं म्हणणं जिवलगांपर्यंत पोचत नाही तेव्हा काय होतं ते वाचकाला कळावं म्हणून ही कथा लिहिली, असं त्यांनी सांगितलं आहे. तेरा वर्षांच्या मुलाने या एका वेदनेसाठी मृत्यूची गोष्ट निवडावी, यावर मी अनेकदा थांबले आहे.

जगाला हे पुस्तक मिळालं ते कादंबरीकार डेव्हिड मिचेल आणि त्यांच्या पत्नी केइको योशिदा यांच्यामुळे. मिचेल अनेक वर्षं हिरोशिमात इंग्रजी शिकवत होते, पुढे हे कुटुंब आयर्लंडमध्ये राहिलं. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक. केइकोंनी जपानहून पुस्तक मागवलं आणि घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तोंडी भाषांतर करून नवऱ्याला ऐकवलं. मुलाला सांभाळणाऱ्यांना वाचता यावं म्हणून दोघांनी ते इंग्रजीत उतरवलं. २०१३ मध्ये ते छापून आलं, मिचेल अमेरिकेत जॉन स्ट्युअर्ट यांच्या टीव्ही कार्यक्रमात त्याबद्दल बोलले आणि पुस्तक खपाच्या याद्यांवर चढलं. आज ते तीसहून अधिक भाषांत आहे.

आता माझं म्हणणं. हिगाशिदांनी जपानीत वीसहून अधिक पुस्तकं लिहिली आहेत: निबंध, कविता, कथा, एका मानसोपचारतज्ज्ञाबरोबरचा पत्रव्यवहार. इंग्रजीत २०१७ मध्ये दुसरं पुस्तक आलं, त्याचं नाव 'सात वेळा पडा, आठ वेळा उठा' या जपानी म्हणीवरून घेतलेलं आहे. तरी त्यांच्याबद्दलची प्रत्येक चर्चा दोनच वाटांनी जाते. पालकांना ते हवे असतात कारण ते 'आपलंही मूल आतून असंच असेल' याचा पुरावा आहेत. टीकाकारांना ते हवे असतात कारण त्यांच्या मते ते दुसऱ्याने हात धरून लिहून घेण्याच्या एका फसव्या पद्धतीचा पुरावा आहेत. हा माणूस लिहितो कसं, त्याच्या लिखाणात काय बदललं, कुठे ते उतरतं, कुठे फसतं, हे कुणी बोलत नाही. लेखकाला मिळायला हवं ते वाचन त्यांना अजून मिळालेलं नाही असं मला वाटतं.

तुम्ही कसं वाचलंत?


इरावती_माय

लेख वाचून लगेच लिहायला बसले. माझी लेक सात वर्षांची आहे, शब्दांनी बोलत नाही. उड्या मारते, आनंदातही आणि बिनसल्यावरही. ते उत्तर वाचलं तेव्हा तिच्या उड्या थांबवायला मी पुढे केलेला हात मागे घेतला. तिच्या बाबतीतही कारण तेच असेल का, मला माहीत नाही. पण त्याआधी मी कारणाचा विचारच केला नव्हता. त्यामुळे सांजवाराताई, 'हे वाच, म्हणजे कळेल' म्हणणाऱ्या मावशीवर मी रागावू शकत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. पुस्तकात दिवसाच्या चित्रतक्त्याबद्दल एक उत्तर आहे. तक्त्यातल्या गोष्टी आणि वेळा डोक्यात कोरल्या जातात आणि काही बदललं की जास्त त्रास होतो, त्यामुळे असे तक्ते नकोत, असं काहीसं. आमच्या थेरपिस्टने नेमका तोच तक्ता लावायला सांगितलाय. मी काढून टाकू का?


कुसुमाकर

चांगली ओळख करून दिलीत. पण हा मुलगा खरंच स्वतः लिहितो का, हा वाद वाचल्याचं आठवतं. त्याचं उत्तर आधी मिळायला हवं. ते नसेल तर बाकीच्या चर्चेला काय अर्थ?


वाचाशिल्प

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे, आधी इरावतीताईंना उत्तर देते. तक्ता काढू नका. चित्रतक्त्यांचा उपयोग पुष्कळ मुलांना होतो आणि तो आम्ही रोज बघतो. हिगाशिदांना त्याचा त्रास होत असेल, त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं खरं असेल. तुमची लेक तक्त्याकडे बघून शांत होते की अस्वस्थ होते हे तुम्हीच बघा, आणि तसं थेरपिस्टला सांगा. निर्णय तिच्या वागण्यावरून घ्यायचा.

आता कुसुमाकर यांच्या प्रश्नाकडे. तो टाळता येणार नाही, कारण त्यामागे बराच कटू इतिहास आहे.

ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात रोझमेरी क्रॉसली यांनी एक पद्धत रूढ केली. मदतनीस त्या व्यक्तीचा हात, मनगट किंवा कोपर धरतो आणि ती व्यक्ती अक्षरांवर बोट ठेवते. सिरॅक्यूज विद्यापीठाच्या डग्लस बिकलेन यांनी १९९० च्या सुमारास ती अमेरिकेत नेली. एकही शब्द न बोलणारी मुलं एकदम निबंध लिहू लागली. पालकांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. मग चाचण्या झाल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या ओ. डी. हेक केंद्रात १२ जणांना आणि त्यांच्या मदतनीसांना चित्रं दाखवली, पण मधल्या आडोशामुळे एकाला दिसणारं चित्र दुसऱ्याला दिसत नव्हतं. टंकून आलेली उत्तरं मदतनीसाने पाहिलेल्या चित्रांची होती. मदतनीस लबाड नव्हते. आपलाच हात अक्षरं निवडतोय हे त्यांना स्वतःलाही जाणवत नव्हतं, आणि यातली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच आहे. त्या काळात याच पद्धतीने 'लिहून' आलेल्या आरोपांवरून आईवडिलांवर अत्याचाराचे खटले झाले, कुटुंबं मोडली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने १९९४ मध्ये या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलं. वाचा-भाषा तज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१८ मध्ये पुन्हा एकदा ती वापरू नका असं सांगितलं, आणि मदतनीस हात न धरता अक्षरपाटी हवेत धरून ठेवतो ती पद्धतही त्यात घेतली. पाटी जराशी हलली तरी निवड बदलते, हा तिथला आक्षेप.

हिगाशिदांना लिहायला शिकवताना त्यांच्या आईने सुरुवातीला त्यांचा हात धरला होता. डेबोरा फाइन आणि योको कामिओ यांनी २०१४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात या पुस्तकाबद्दल गंभीर शंका मांडल्या, त्या इथूनच सुरू होतात. दोघी या क्षेत्रात मुरलेल्या संशोधक आहेत, आणि कामिओ जपानीच आहेत, त्यामुळे 'पाश्चात्त्यांचा पूर्वग्रह' म्हणून ते बाजूला सारता येत नाही. अशा पुस्तकाने पालकांच्या मनात खोटी आशा उभी राहते, ही त्यांची मुख्य काळजी. ती माझीही आहे.


सांजवारा

वाचाशिल्प, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही सांगितलेला इतिहास प्रत्येक पालकाला माहीत असायलाच हवा. कुणी मुलाचा हात धरून त्याच्याकडून कविता लिहून घेत असेल, तर त्या घरातल्या मोठ्यांनी आधी ती आडोशाची चाचणी मागावी.

कुसुमाकर, दोन गोष्टी. पहिली, 'हा मुलगा' नको. हिगाशिदांनी तिशी ओलांडली आहे. आपण त्यांना तेराव्या वर्षीच थांबवून ठेवलंय. मराठीत आपण तिशीतल्या कुठल्याही लेखकाला अहोजाहो करतो, मग इथेच का नाही?

दुसरी, लेखनाच्या पद्धतीबद्दल. चित्रीकरणात जे दिसतं तेवढंच सांगते. जपानच्या सार्वजनिक प्रसारण वाहिनीने, एनएचकेने, २०१४ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. मिचेल त्यात जपानला येऊन त्यांना भेटतात. पाटी समोर ठेवलेली असते, हिगाशिदा बोट स्वतः ठेवतात, उच्चार स्वतः करतात, कुणी त्यांचा हात धरलेला नसतो. मिचेल यांनीही असंच लिहिलं आहे आणि लेखनाबद्दलच्या शंका त्यांनी ठामपणे नाकारल्या आहेत. आई जवळ असते, हे खरं. लहानपणी हात धरला होता, हेही खरं. तुमच्या पेशाला लागेल ती चाचणी त्याने होत नाही, हे मी मान्य करते. पण हेक केंद्रातल्या त्या बारा जणांची आणि यांची परिस्थिती एकच आहे असंही मी म्हणणार नाही. हात धरून लिहिणं आणि स्वतः बोट ठेवून उच्चार करणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर न पाहता होकार किंवा नकार दिला तर आपण त्या माणसाकडे बघितलंच नाही असं होईल.


निशीकासाई

मी तोक्योत राहतो, निशीकासाई या भारतीयांच्या वस्तीत, आयडीवरून ओळखलं असेलच. किमित्सू इथून आखाताच्या पलीकडे. कावासाकीहून समुद्राखालच्या बोगद्याने आणि पुढे पुलावरून किसाराझूला उतरलं की जवळच. पोलादाच्या मोठ्या कारखान्यासाठी ओळखलं जाणारं गाव आहे. तोक्योच्या साहित्यवर्तुळात उठबस असणाऱ्या लेखकाचं हे गाव नाही, एवढ्यासाठी सांगितलं.

जपानमधल्या शंकेला जपानी कारणही आहे. एनएचकेनेच एप्रिल २००२ मध्ये एका मेंदूला इजा झालेल्या मुलावर कार्यक्रम दाखवला होता, 'चमत्कारी कवी' अशा अर्थाच्या नावाचा. आईच्या हातात पाटी, मुलाचा हातही आईच्याच हातात, आणि अक्षरं झरझर येताहेत. प्रेक्षकांनी रान उठवलं, वाहिनीला खुलासे द्यावे लागले. त्यामुळे २०१४ चा माहितीपट आला तेव्हा अनेकांच्या मनात ती जुनी आठवण होती. तरीही त्याला इथे मोठा प्रतिसाद मिळाला आणि सांस्कृतिक खात्याच्या कलामहोत्सवात पुरस्कारही.

दुसरी गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो, पण ती विषयाला धरून आहे. २६ जुलै २०१६ च्या पहाटे, तोक्योच्या पश्चिमेला सागामिहारा इथल्या अपंगांच्या निवासी संस्थेत एका माजी कर्मचाऱ्याने १९ जणांना सुऱ्याने मारलं. तो कर्मचाऱ्यांना प्रत्येक खोलीत विचारत होता, हा बोलतो का? जो बोलत नव्हता त्याला त्याने लक्ष्य केलं. संवाद करू न शकणाऱ्यांनी जगू नये, असं त्याचं म्हणणं होतं. मारले गेलेल्यांची नावं पोलिसांनी जाहीर केली नाहीत, पुढे खटल्यातही बहुतेकांसाठी संकेताक्षरंच वापरली गेली. कुटुंबांना बदनामीची भीती होती.

ज्या देशात हे घडलं तिथे आपल्यासारख्या गप्पा मारू न शकणारा एक माणूस पुस्तकावर स्वतःचं नाव, स्वतःचा फोटो छापून लिहितो आणि सभांतून पाटी घेऊन उभा राहतो, याचं मोल मला त्या घटनेनंतर जास्त कळलं.


थोरला

निशीकासाई, लिहिलंत ते बरं केलंत.

माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. तो बोलत नाही, पाटीही वापरत नाही. कागद दिला तर फाडतो आणि तुकडे खिशात ठेवतो. त्याला बौद्धिक अपंगत्वही आहे. कोल्हापुरात आम्ही एकत्र राहतो. आई गेल्यापासून मी आणि बायको बघतो. लोक येतात, हिगाशिदांच्या पुस्तकाबद्दल सांगतात आणि म्हणतात, "कोण जाणे, याच्याही आत केवढं काय असेल!" हेतू चांगला असतो. पण त्याच्या आत एखादा लेखक दडलेला नसेल तर? तर तो कमी माणूस ठरतो का?

मला या पुस्तकाच्या कौतुकात हे फार टोचतं. 'बघा, हे तर किती हुशार आहेत, म्हणून यांना मान द्या' असं म्हटलं की त्या सागामिहाराच्या माणसाचीच मोजपट्टी आपण हातात घेतो, फक्त निकाल दुसरा लावतो. माझ्या भावाला सकाळी नदीवर न्यावं लागतं. पंचगंगेच्या घाटावर तो तासभर पाण्याकडे बघतो, आणि त्या वेळात त्याला जे काही होत असेल ते त्याचं आहे. त्याने ते मला लिहून दाखवलं नाही तरी मी त्याला नेणार.

हिगाशिदांनी पाण्याबद्दल लिहिलंय. पाण्यात शांत वाटतं, फार फार जुन्या काळात परत गेल्यासारखं वाटतं, असं. ते वाचून मला भावाची आठवण आली. पण ते उत्तर मी भावाच्या तोंडात घातलेलं नाही.


इरावती_माय

थोरला दादा, तुमचं हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझ्या मनातली जी गोष्ट मी स्वतःशीही बोलत नव्हते ती तुम्ही लिहिलीत. लेक लिहू लागेल याची मी वाट बघतेय, आणि त्या नादात ती आज जे सांगतेय ते माझ्याकडून निसटतंय. ती माझा हात धरून फ्रिजपाशी नेते. हेही सांगणंच आहे ना?


वाचाशिल्प

हो, ते सांगणंच आहे, आणि फार स्पष्ट सांगणं आहे. आम्ही संवादाची सुरुवात तिथूनच करतो.


एकांडा

मला वयाच्या ३४ व्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. मी बोलतो, नोकरी करतो, ठाण्यात राहतो. त्यामुळे माझा आणि हिगाशिदांचा अनुभव एक आहे असं म्हणणार नाही. पण वाचक म्हणून सांगतो, कारण धागा त्यासाठी आहे.

पहिल्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त खटकतो तो 'आम्ही'. प्रत्येक उत्तरात 'आम्हाला असं वाटतं', 'आमच्याशी असं वागा'. तेरा वर्षांच्या मुलाने सगळ्या ऑटिस्टिक माणसांच्या वतीने बोलावं, ही त्याच्यावर प्रश्न विचारणाऱ्यांनी टाकलेली जबाबदारी आहे. प्रश्नच तसे आहेत: 'ऑटिझम असलेले लोक असं का करतात?' वस्तू रांगेत लावण्याबद्दलचं उत्तर वाचून मी मान हलवली. पण काही उत्तरं माझ्यासाठी पूर्ण परकी आहेत. निसर्गात विरघळून जाणं वगैरे मला होत नाही, मला ट्रेनची वेळापत्रकं शांत करतात. 'तुला इतरांसारखं व्हायचं आहे का' याचं उत्तर मात्र मला फार प्रामाणिक वाटतं. आधी खूप वाटायचं, आता आहे तसाच राहीन, असं ते म्हणतात. माझाही प्रवास तोच.

दुसऱ्या पुस्तकात हा 'आम्ही' पुष्कळ कमी होतो. पावसाबद्दलचा एक तुकडा आहे. आवाज ऐकू येतो, पण तो कशाचा ते कळत नाही. आई पाऊस आला म्हणून धावते. मग खिडकीबाहेर बघणं, आठवणीतला पाऊस आणि हा पाऊस जुळवणं, आणि शेवटी कळणं की हा पाऊस आहे. आपण ज्याला क्षण म्हणतो त्याच्या पायऱ्या त्यांनी वेगळ्या करून दाखवल्या आहेत. हे कुठल्याही लेखकाला जमलं असतं तर आपण त्याचं नाव घेतलं असतं. विशीतल्या हिगाशिदांचं लिखाण कोरडं झालंय, वाद घालणारं झालंय, आणि मला ते जास्त आवडतं. पहिल्या पुस्तकातलं 'कृपा करून आम्हाला सोडून देऊ नका' ही विनवणी आहे. नंतरच्या निबंधांत तो स्वर राहत नाही.

आणखी एक. इंग्रजीत वाचताना आपण मिचेल यांचंही गद्य वाचत असतो. ते मुरलेले कादंबरीकार आहेत. एखादं वाक्य लयदार वाटलं तर त्यातलं किती कुणाचं, हे इंग्रजीवरून ठरवू नये, असं मला वाटतं. 'तेरा वर्षांचा मुलगा असं लिहीलच कसा' म्हणणाऱ्यांनी तर नाहीच नाही.


सांजवारा

एकांडा, मला हवी होती ती चर्चा तुम्ही सुरू केलीत. प्रश्नांनीच 'आम्ही' त्यांच्यावर लादला, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. मुलाखत देणाऱ्याला दोष देण्याआधी मुलाखतीची मांडणी बघायला हवी. मधल्या छोट्या कथा मी आता पुन्हा वाचल्या, काळा कावळा आणि पांढरं कबुतर यांची वगैरे. तिथे 'आम्ही' नाही. कुणी प्रश्न विचारलेला नाही तिथे ते मोकळे आहेत. पुस्तक मिळालेले बहुतेक पालक या कथा गाळून उत्तरं शोधत पुढे जातात, आणि लेखक म्हणून त्यांना जे करायचं होतं ते बहुधा तिथेच आहे.


कुसुमाकर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. हिगाशिदा यांच्याबद्दल यापुढे आदरार्थीच लिहीन. लेखनाच्या शंकेबद्दल माझं समाधान अजून झालेलं नाही, पण थोरला यांच्या प्रश्नापुढे ती शंका मला लहान वाटली. यावर चित्रपटही आहे ना? तो पाहावा का?


निशीकासाई

आहे, जेरी रॉथवेल यांचा माहितीपट, २०२० चा. सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला होता. हिगाशिदांनी स्वतः पडद्यावर यायला नकार दिला. एक न बोलणारा लहान मुलगा समुद्रकाठी, शेतांतून फिरतो आणि मागे पुस्तकातले उतारे ऐकू येतात. बाकी चित्रपट पाच तरुणांचा आहे: भारतातली अमृत खुराना, इंग्लंडमधला जॉस, अमेरिकेतले बेन आणि एमा, सिएरा लिओनची जेस्टिना. आवाज आणि जवळून घेतलेली दृश्यं फार विचारपूर्वक केली आहेत, चांगले हेडफोन लावून पाहा. अमृत चित्रं काढते आणि तिची चित्रं पाहून तिच्या आईला मुलीच्या दिवसाबद्दल जे कळतं, तो भाग मला सगळ्यात आवडला. जेस्टिनाच्या भागात तिथल्या समाजात अशा मुलांना भुताटकीचं मानतात ते येतं आणि पालक एकत्र येऊन शाळा उभी करतात. ते आपल्या गावांतही ओळखीचं वाटेल.


वाचाशिल्प

त्यातले बेन आणि एमा ज्या पद्धतीने पाटी वापरतात तिच्यावर मी वर लिहिलेले आक्षेप आहेत, तेवढं लक्षात ठेवून पाहा.

या पद्धतीचा एक धागा भारतातून जातो, म्हणून सांगते. सोमा मुखोपाध्याय यांनी आपला मुलगा तितो याला कर्नाटकात, घरीच शिकवलं. तितो राजर्षी मुखोपाध्याय यांचं पहिलं पुस्तक २००० मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय ऑटिझम संस्थेने काढलं, म्हणजे हिगाशिदांच्या सात वर्षं आधी. पुढे मायलेक अमेरिकेत गेले आणि सोमांनी आपली पद्धत तिथे इतरांना शिकवायला सुरुवात केली. तितो स्वतः पेनाने लिहितात, टंकतात. ते जमणं आणि ती पद्धत हजारो मुलांवर चालणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा पुरावा अजून नाही. ज्यांना हिगाशिदा आवडले त्यांनी तितोंच्या कविताही वाचाव्यात. आपल्याकडे त्यांचं नाव फारच थोड्यांना माहीत आहे.


इरावती_माय

वाचाशिल्प ताई, शेवटचं विचारते. हात न धरता, पाटी कुणी न धरता, तिला स्वतःला वापरता येईल असं मराठीत काही आहे का? आमच्याकडे सगळं इंग्रजीत चालतं आणि घरात आजी आहे, तिला इंग्रजी येत नाही.


वाचाशिल्प

आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाने 'जेलो' नावाचं मोफत ॲप केलंय, त्यात मराठी आहे. चित्रावर बोट ठेवलं की वाक्य बोललं जातं. चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' हेही आहे, ते विकत घ्यावं लागतं, पण शब्दसंग्रह मोठा आहे. सुरुवात जेलोने करा.

टॅब टेबलावर किंवा स्टँडवर ठेवा, हातात धरू नका. पहिले काही आठवडे तिच्याकडून काही मागू नका, तुम्ही आणि आजी बोलता बोलता स्वतः बटणं दाबा. आजी 'भात हवा' म्हणाली की तिनेही ते चित्र दाबायचं. लेक बघत राहील. फ्रिजपाशी नेते तेव्हा फ्रिजवरही दोनतीन छापील चित्रं लावून ठेवा, दूध, पाणी, ताक असं काही. तिने चुकीचं चित्र दाबलं तरी त्यावरचीच वस्तू द्या आणि तिचं तोंड बघा. आणि तिला उड्या मारायच्या असतील तेव्हा आधी मारू द्या.


थोरला

ताई, हे ॲप ४१ वर्षांच्या माणसालाही चालेल का? बटणं मोठी करता येतात का?


वाचाशिल्प

वयाची अट नाही. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून मोबाइलऐवजी मोठ्या पडद्याचा टॅब घ्या. तुमचा भाऊ कागद फाडतो म्हणालात, तर छापील चित्रं प्लॅस्टिकमध्ये घालून घ्या, आणि पहिलं चित्र नदीचं ठेवा.


थोरला

नदीचा फोटो उद्या घाटावरच काढतो.